जयवंतानं जुळवलेला सेट

मालोजीदादा नौदलाची नोकरी संपवून घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेबरोबर एक लाकडी पेटी होती. ती पेटी त्यानं एस.टी.च्या टपावर टाकू दिली नाही. चौक गावापर्यंत मांडीवर धरून आणली आणि तिथून गावापर्यंत डोक्यावर. पाताळगंगेच्या काठानं येताना वाटेत भेटेल तो विचारत होता, आत काय आहे, आणि दादा सगळ्यांना एकच सांगत होता, श्वास आहे. लोकांना वाटलं, गडी बाहेर राहून जरा वेगळं बोलायला लागला.

हे बाहत्तर सालचं. आमचं आणि त्याचं अंगण एकच. मी विठू, तेव्हा रसायनीच्या एका कारखान्यात पंपहाऊसवर ऑपरेटर म्हणून नुकताच लागलो होतो. अंगण एकच, म्हणून पेटी उघडली तेव्हा मी तिथंच होतो. आत पाणबुड्याचे दोन सेट होते, नौदलानं लिलावात काढलेले जुने. एक धड होता. दुसऱ्याच्या रबरी नळ्या चिरून गेल्या होत्या आणि पितळेवर हिरवा गंज चढला होता.

नौदलात दादा हेच काम करायचा. त्यानं ते आम्हाला समजावून सांगितलं. पाठीवर हवेचा सिलिंडर. त्याच्या तोंडाशी, मानेच्या मागं, डब्यासारखा गोल रेग्युलेटर. त्यातून दोन वळ्यावळ्यांच्या नळ्या निघतात, दोन्ही खांद्यांवरून पुढं येतात आणि तोंडाशी एकत्र होतात. उजवीकडून हवा येते, डावीकडून सोडलेला श्वास परत जातो. डब्यात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला आपला श्वास. आपण ओढलं की पडदा आत दबतो, एक काडी हलवतो, झडप उघडते आणि हवा मिळते. ओढायचं थांबलं की झडप बंद. माणूस जितका खोल जाईल तितकं पाणी पडद्यावर जास्त रेटा देतं आणि हवाही तितक्याच जोराची मिळते.

बाकीचे ऐकून गेले. जयवंतावहिनी, दादाची बायको, तिथंच बसून राहिली. तिनं विचारलं की सोडलेला श्वास ज्या वाटेनं बाहेर जातो, त्याच वाटेनं पाणी आत का येत नाही. दादानं तिला आतली रबरी चोच दाखवली, बदकाच्या चोचीसारखी चपटी. आतून फुंकलं की उघडते, बाहेरून दाबलं की मिटते. वहिनीनं ती बोटावर धरून फुंकून पाहिली आणि म्हणाली, "ही आपल्या स्टोव्हच्या पंपातल्या वायसरासारखीच की."

वहिनीला वस्तू उघडून बघायची सवय होती. गावातले अर्धे स्टोव्ह आणि लग्नातल्या गॅसबत्त्या दुरुस्तीला तिच्याकडे यायच्या. माहेर नदीच्याच काठचं, वरच्या अंगाला. लहानपणी डोहात बुडी मारून तळाचा दगड वर आणायच्या पैजा ती मुलग्यांशी लावायची आणि जिंकायची. दादाची बोटं जाड, दोऱ्या आणि लोखंड हाताळून राठ झालेली. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा त्याच्या हातून बारीक स्प्रिंग उडाली आणि ती शेणाच्या जमिनीवर शोधण्यात अख्खी दुपार गेली. सापडली ती वहिनीलाच. त्या दिवसापासून डबा उघडायचं काम तिच्याकडे गेलं ते गेलंच.

दादानं तिला नियम सांगितले आणि तिनं ते त्याच्यापेक्षा कडक पाळले. रबराला तेल लागता कामा नये, तेलानं रबर सडतं. आणि जिथं सिलिंडरची दाबाची हवा येते तिथं तर तेलाचा थेंबही नको, पेट घेऊ शकतो. म्हणून वहिनी डबा उघडायच्या आधी राखेनं कोपरापर्यंत हात धुवायची आणि केसांना फडकं बांधायची, कारण केसांना खोबरेल असे. पाण्यातून आल्यावर सेट विहिरीच्या पाण्यानं धुवायचा, पण आधी हवेच्या तोंडावर टोपण घट्ट बसवून, नाहीतर तेच पाणी आत शिरतं. नळ्या उन्हात वाळवायच्या नाहीत. त्या ओटीवर वाशाला उलट्या टांगलेल्या असत आणि वाळल्या की त्यांना शंखजिऱ्याची पावडर लावली जाई. नवीन माणूस ओटीवर आला की त्या लोंबत्या काळ्या नळ्या बघून दचकायचा.

दादाला कामं मिळायला लागली. रसायनीला कारखाने वाढत होते आणि सगळ्यांना नदीचं पाणी लागत होतं. पाइप अडकला, झडप गाळात रुतली, कुणाचा पंप पाण्यात पडला, की बोलावणं यायचं. सिलिंडर मुंबईला भाऊच्या धक्क्याच्या बाजूला भरून मिळत. भात घेऊन मुंबईला जाणाऱ्या टेंपोतून ते जात आणि येत.

काठावर दोरी धरायला वहिनी जायची. दादाच्या कमरेला बांधलेली दोरी तिच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर घे, चार म्हणजे मदत पाठव. पण दादाचं म्हणणं असं की दोरी धरणाऱ्याला खाली काय चाललंय ते अंगानं माहीत पाहिजे. म्हणून त्यानं तिला गावच्या डोहात उतरवलं. नऊवारीचा काचा घट्ट मारून, वर नवऱ्याची नौदलातली लोकरी जर्सी घालून वहिनी पाण्यात शिरली तेव्हा धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. एकदोघी हसल्या. वहिनीनं तोंडातला रबरी तुकडा काढून त्यांना सांगितलं की खाली पाणी वरच्यापेक्षा स्वच्छ आहे, यायचं तर या, आणि परत खाली गेली.

दोघांनी त्या डोहात बरंच काही करून पाहिलं. नळीत पाणी भरलं तर डाव्या खांद्यावर कलंडायचं आणि जोरात फुंकायचं, म्हणजे पाणी चोचीतून निघून जातं. तोंडातला तुकडा सुटला तर तो डोक्यावर तरंगतो आणि भसाभस हवा सोडतो, तेव्हा हात वर करून तो पकडायचा आणि खाली आणायचा, की हवा थांबते. एकाच सेटवर दोघांनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा सरावही त्यांनी केला. दोन श्वास तू, दोन श्वास मी. बुडबुडे वर येत आणि काठावर बसलेले आम्ही खाली कोणाची पाळी आहे त्याचा अंदाज करत असू.

तोवर वहिनीनं दुसरा, मोडका सेट हातात घेतला होता. पितळेचा गंज तिनं आमसुलाच्या पाण्यानं काढला, भांडी घासतात तसाच, फक्त बेतानं. नळ्या मुंबईच्या जुन्या बाजारातून मिळाल्या, विषारी वायूसाठी वापरायच्या मुखवट्यांच्या, बरोबर त्याच मापाच्या. झडपेच्या चकतीला खड्डा पडला होता, ती तिनं काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून घासून सपाट केली. अडलं ते पडद्यापाशी. लॉरीच्या ट्यूबचा कापून पाहिला, तो जाड पडला, ओढायला छाती दुखायची. सायकलच्या ट्यूबचा पातळ होता पण ताणून सैल झाला. शेवटी खोपोलीच्या दवाखान्यात तिची भावजय बाळंत झाली होती, तिथं खाटेवर अंथरलेला रबरी कपडा वहिनीनं बोटांत धरून पाहिला. मऊ, हवा न जाणारा, ताणला तरी न वाढणारा. भावजयीला बघायला गेलेली वहिनी नर्सकडून तसल्या कपड्याचा नवा तुकडा कुठं मिळतो ते विचारून आली.

तो पडदा बसला. वहिनीनं कंबरभर पाण्यात डोकं बुडवून सेट चालवून पाहिला. चालला. दादा म्हणाला की खोल पाण्यात मी स्वतः पाहिल्याशिवाय याला कामावर न्यायचा नाही. वहिनीला ते पटलं. मग कामं येत राहिली आणि ते बघणं मागं पडत गेलं.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर आमच्याच कारखान्यातून बोलावणं आलं. नदीत आमची एक काँक्रीटची विहीर आहे, पात्राच्या कडेला. तिच्या तोंडाशी लोखंडी जाळी, तिथून पाणी आत येतं आणि पंप ते ओढतात. त्या वर्षीच्या पुरानं एक अख्खं उंबराचं झाड जाळीवर आणून बसवलं होतं, त्यात बांबू आणि गाळ. पाणी निम्म्यावर आलं होतं. खोली पंचवीस फूट असेल.

आमचे इंजिनिअर चित्रे साहेब स्वतः पंपहाऊसवर आले. त्यांनी पंप बंद केले, फ्यूज काढून आपल्या खिशात टाकले आणि दादाला खिसा दाखवला. दादाला हे आवडलं. वीजघराचं पाणी नदीत केव्हा सुटतं ते त्यांनी फोन करून विचारून ठेवलं होतं. काम नीट आखलेलं होतं. वहिनीनं त्या दिवशी दुसरा सेटही बरोबर आणला होता, एका भरलेल्या सिलिंडरसकट. काम आटोपल्यावर दादा तो तिथंच खोल पाण्यात उतरून पाहणार होता.

दादा खाली गेला. बांबू एकेक करून वर आले. तो दोरी बांधायचा, आम्ही ओढायचो. मग बराच वेळ काही आलं नाही. मी वहिनीकडे बघत होतो. तिच्या हातातली दोरी एकदम ताठ झाली आणि चार झटके आले. तिनं एक झटका परत दिला. पुन्हा चार.

वहिनी ओरडली नाही. तिनं दोरी माझ्या हातात दिली आणि सांगितलं की ओढायचं नाही, नुसती धरून ठेवायची. दादा कशाततरी अडकला असेल आणि ओढलं तर जास्त अडकेल. मग ती दुसऱ्या सेटपाशी जाऊन बसली आणि तो सिलिंडरवर चढवायला लागली.

चित्रे साहेब तिच्याजवळ आले. मुंबईहून दुसरे पाणबुडे बोलावले तर दुपार उलटेल, हे त्यांना कळत होतं. दादाजवळ किती हवा उरली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या सेटला काटा नव्हता. हवा संपत आली की ओढायला जड जातं, मग पाठीमागची कळ खाली ओढायची, की थोडीशी राखीव हवा सुटते. एवढंच. साहेबांनी विचारलं, "बाई, या यंत्राची तुम्हाला खात्री आहे?"

वहिनीनं सिलिंडर बंद ठेवून रबरी तुकडा तोंडात धरला आणि ओढलं. काहीच आलं नाही. डब्याला, नळ्यांना कुठं सुईएवढं भोक असतं तर हवा आली असती. तिनं तसंच धरून ठेवलं, गाल आत गेले, पडदा दबून राहिला. मग सिलिंडर उघडला, दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "मी जुळवलाय. मीच लावनार."

साहेब बाजूला झाले. एवढंच विचारलं की वरून आम्ही काय करायचं. पंपहाऊसच्या वर गर्डरला चेन ब्लॉक होता, पंप उचलायचा. वहिनीनं त्याची साखळी आणि आकडा पाण्यात सोडायला सांगितलं. तिच्या कमरेच्या दोरीला तीन झटके आले की साखळी ओढायची, दोन आले की सोडायची. चेन ब्लॉकवर पोशा नावाचा आमचा फिटर उभा राहिला. दादाची आणि वहिनीची, दोन्ही दोऱ्या माझ्याकडे.

खाली काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, तेही थोडं थोडं करून. दादाच्या दोरीवर हात ठेवून ती खाली सरकत गेली. गाळानं पाणी असं होतं की स्वतःचा हात दिसत नव्हता. हवा मात्र नीट येत होती. जसजशी खाली गेली तसतशी तिच्या कानात पडद्यामागच्या काडीची टिकटिक ऐकू येत होती, आणि तिला बरं वाटलं, कारण ती काडी तिनंच वाकवून मापात आणली होती. हाताला दादाचा खांदा लागला. त्यानं तिचं मनगट दोनदा दाबलं. म्हणजे शुद्धीवर होता आणि घाबरलेला नव्हता. तिनं चाचपून पाहिलं. उंबराचं खोड जाळीवरून घसरून त्याच्या उजव्या पायावर बसलं होतं, गुडघ्याच्या खाली. त्याच्या पाठीमागं हात घातला तर राखीव हवेची कळ आधीच ओढलेली.

तिनं साखळीचा आकडा शोधला आणि खोडाच्या एका फांदीला अडकवला. तीन झटके. वर पोशानं साखळी ओढली, आम्ही बघत होतो, साखळी ताठ झाली, गर्डर करकरला, आणि एकदम सैल पडली. फांदी मोडली होती. पाण्यावर तिच्या काटक्या तेवढ्या आल्या.

त्याच वेळेस दादानं तिचा हात धरून आपल्या तोंडावर नेला. त्याची हवा संपली होती. वहिनीनं एक लांब श्वास घेतला, तोंडातला तुकडा काढला आणि वर तरंगू न देता खालून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं दोन श्वास घेतले. मग तिनं दोन. नळीत थोडं पाणी आलं होतं, ती डाव्या खांद्यावर कलंडली आणि फुंकून काढलं. दादा म्हणतो की त्या अंधारात त्याला डोहच आठवला, काठावरच्या बायका आठवल्या, आणि त्यानं मनात मोजणं सोडून दिलं.

पण आकडा पुन्हा बांधायचा तर तिचे दोन्ही हात मोकळे हवे होते. सेट तिच्या पाठीवर, नळ्या आखूड. तिनं छाती भरून घेतली, तुकडा दादाच्या तोंडात दिला आणि तिथंच त्याच्या कुशीला पाठ लावून राहिली. श्वास कोंडून तिनं साखळी खोडाच्या बुंध्याखालून घातली, जिथं ते सर्वांत जाड होतं, आणि आकडा साखळीतच अडकवला. गाळातून साखळी ओढून घेताना तिची दोन नखं उखडली, ते तिला वर आल्यावर कळलं. मग दादाच्या तोंडातून तुकडा परत घेतला, श्वास घेतला आणि तीन झटके दिले.

या वेळी साखळी सुटली नाही. पोशा आणि चित्रे साहेब दोघं मिळून ओढत होते. खोड हलल्याचं आम्हाला वर कळलं ते पाण्यावरून, विहिरीच्या तोंडाशी काळा गाळ उसळून आला. मग दोन झटके आले. म्हणजे सोडायची. तिनं सांगितलेलं पोशानं पाळलं, साखळी हळूहळू खाली सोडली. तोवर पाय निघाला होता.

वर येताना श्वास कोंडून ठेवायचा नसतो, सोडत राहायचं असतं, नाहीतर छातीतली हवा फुगते. दोघं तसेच आले, सावकाश, एकाच तुकड्यावर, बुडबुड्यांच्या घोळक्यातून. आधी दादाचं डोकं दिसलं, मग तिचं. आम्ही त्याला उचलून फळ्यांवर घेतलं. पाय नडगीत मोडला होता, ते बघताच कळत होतं. तो पांढराफटक पडला होता. वहिनी त्याच्या उशाशी बसून तोंडावरचं पाणी पुसत होती.

दादानं डोळे उघडले आणि म्हणाला, "तुझ्या सेटची चोच जरा कडक हाय. सोडायला जोर लागतो."

"घरी गेल्यावर बगते," वहिनी म्हणाली.

चित्रे साहेबांनी फ्यूज अजून खिशातच ठेवले होते. ते त्यांनी त्या दिवशी कुणाकडे दिले नाहीत. स्वतःच्या जीपमधून दादाला पनवेलला नेलं. वहिनी मागं बसली, जर्सी ओली, मांडीवर नवऱ्याचं डोकं. जाता जाता मला सांगून गेली की दोन्ही सेट सावलीत टांग, धुवायचे मी येऊन धुवीन, तू टोपण नीट लावणार नाहीस. मी लावलं, तिनं येऊन काढून पुन्हा लावलं.

दादाचा पाय जुळला, पण आखूड जुळला. चालता येतं, पाण्यात जोर धरता येत नाही. जाळीवर अजून निम्मं झाड होतं आणि कारखान्याला पाणी हवं होतं. साहेब घरी आले तेव्हा दादा खाटेवर प्लास्टरमध्ये पडलेला होता. साहेबांनी दादाला विचारलं की कुणाला बोलवायचं. दादानं सांगितलं की मला कशाला विचारता, ती समोर बसली आहे. वहिनी चोच कातरीनं अगदी केसभर पातळ करत होती. मान वर न करता तिनं साहेबांना सांगितलं की खोड आता मोकळं आहे, तुकडे करून काढता येईल, फक्त या वेळी साखळी आधी बांधायची आणि मग कापायचं. पुढच्या आठवड्यात तिनं ते काढलं. मी पंप सुरू केले तेव्हा काट्यावर पाणी पुरतं आलं होतं.

त्यानंतर कामं तिच्या नावानं यायला लागली. गावात काही जण कुरकुरले, बाईमाणसानं असं करावं का म्हणून. पण मंदिराच्या तळ्यात पडलेला चांदीचा तांब्या काढायला बोलावणारे त्यांच्यातलेच होते आणि तिनं तो काढूनही दिला.

एकोणऐंशी साली माथेरानच्या तलावाची पाण्याची झडप अडकली. वर गाड्या जात नाहीत. सिलिंडर घोड्यावर लादून नेले, दोन्ही बाजूंना एकेक, मध्ये गवताच्या पेंढ्या. सेट मात्र वहिनीनं स्वतःच्या पाठीवर घेतला. दादा, गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून हातरिक्षात बसून आला, आणि रिक्षा ओढणाऱ्याला सारखा म्हणत होता की मी चालू शकतो, उगाच ओढतोस. मी रजा काढून बरोबर गेलो होतो.

तलावाचं पाणी थंड होतं. तोपर्यंत मुंबईच्या पाणबुड्यांकडे एका नळीचे नवे सेट आले होते, तोंडाशीच छोटा डबा असलेले. दादानं तसा एक घेऊन देऊ का म्हणून विचारलं होतं. वहिनीनं तो हातात घेऊन उघडून पाहिला होता, चांगला आहे म्हणाली होती, आणि पुढच्या वर्षी घेऊ म्हणाली होती. तिला जुन्यात एक गोष्ट आवडायची, बुडबुडे मानेमागून जातात, डोळ्यांसमोर येत नाहीत.

ती खाली गेली. काठावर माणसं जमली, हॉटेलातली, घोडेवाली, फिरायला आलेली. दादा एका दगडावर पाय पसरून बसला होता, दोरी दोन्ही हातांत, पाण्याकडे बघत. घोडेवाल्याला वाटलं की एवढा जाणता माणूस काठावर बसला म्हणजे आत त्याचा गडी गेला असेल. त्यानं दादाला विचारलं की आतला पाणबुड्या तुमच्याच हाताखालचा का.

"माझी बायको हाय ती," दादा म्हणाला. "मी तिची दोरी धरतो."

दोरीला एक झटका आला. दादानं एक परत दिला आणि मला म्हणाला की झडप फिरली वाटतं, बघ पलीकडं पाणी सुटलं का. मी उठून बघायला गेलो.